हातावरची शपथ

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

औषध कंपनीचा एजंट यांना सन १९३६ ची डायरी देऊन गेला. लाल पुठ्ठा, आत पानोपानी खोकल्याच्या औषधाची जाहिरात. हे म्हणाले, "तूच लिही. मी एक ओळ लिहिणार अन् दिवसभर तीच वाचत बसणार." तेही खरंच. सन सुरू व्हायला अजून अवकाश आहे, पण मला कुठला धीर? पुढच्या कोऱ्या पानांवरच सुरू करते. डायरीत इंग्रजी तारखा, दुकानातल्या कॅलेंडरवर निजाम सरकारचे फसली महिने, आणि मला कळते ती तिथी. तिथीच लिहीन.

मालकाचं नाव लिहायची जागा आहे. तिथं लिहिलं, सौ. उमादेवी रेवणप्पा, मुक्काम नांदेड, इतवारा. माहेर लातूर. नवऱ्याचं नाव नुसतं लिहिलं, तोंडानं घेतलं नाही.

यांनी हैदराबादेत कंपाउंडरकी शिकून इथं घराच्या पुढच्या खोलीत औषधांचं दुकान टाकलं. लोक डॉक्टरची चिठ्ठी आणतात. हे खलात औषध घोटतात, मापानं ओततात, बूच लावतात आणि बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवतात. पट्टीच्या खाचा, एका डोसाला एक, इतक्या सारख्या की छापल्यासारख्या दिसतात. हात सोन्यासारखा आहे. मन मात्र ठिकाणावर नाही, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून ही डायरी.

मार्गशीर्ष शुद्ध दशमी

आज भर चौकात आमची शोभा झाली. दानम्मा म्हणून एक म्हातारी आहे, देगलूरकडची, इथं लेकीकडं राहते. खोकल्याचं औषध नेहमी आमच्याकडूनच नेते. ती बाटली घेऊन गेली आणि हे आत आले.

"उमा, मी त्यात काय ओतलं?"

"खोकल्याचं. दुसरं काय ओतणार?"

"तू बघितलंस?"

मी भाकरी थापत होते. माझ्या पाठीला काय डोळे आहेत? म्हटलं, न्हाई बघितलं. झालं! पायात वहाणा न घालता हे धावत सुटले. चौकात म्हातारीला गाठलं, तिच्या हातातून बाटली हिसकून घेतली आणि औषध रस्त्यावर ओतून दिलं.

"अय्यो शिवा! इख घातलंय काय रे बाबा त्याच्यात?" म्हातारी ओरडली आणि अख्खा इतवारा गोळा झाला.

परत आले ते खांबाला टेकून बसले. सदरा घामानं चिंब. मी बोलायला तोंड उघडलं होतं, चांगलं खरमरीत बोलणार होते, पण हे म्हणाले, "मला कळतंय उमा. बाटलीत काय होतं ते मला पक्कं कळतंय. कळून उपयोग होईना." मी पिठाचे हात धुतले. पाणी दिलं.

हे कशानं सुरू झालं ते मला माहीत आहे. दिवाळीत हाच एजंट गप्पा मारत बसला होता की कुठल्याशा गावी कुण्या कंपाउंडरनं चुकून कुचल्याच्या अर्काची बाटली उचलली आणि एक पोर गेलं. गाव कुठलं, दुकान कुठलं, त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. कुचला म्हणजे जहर. आमच्याकडं तो कुलपाच्या कपाटात असतो, लाल चिठ्ठी लावून, आणि किल्ली यांच्या कमरेला. तरी त्या दिवसापासून यांच्या हातात कुठलीही बाटली येवो, यांना ती कुचल्याचीच वाटते. एजंट मात्र मजेत आहे, डायऱ्या वाटत फिरतो.

मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

उपाय सापडला! आणि तो मला सापडला, दुसऱ्या कुणाला नव्हे.

आजही एक गिऱ्हाईक गेल्यावर हे वहाणा शोधायला लागले. मी हात धुतले, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढलं, डाव्या तळहातावर घेतलं आणि यांच्यापुढं उभी राहिले. "हे बघा, लिंगाची शपथ. मी उंबऱ्यात होते. क्विनाइनचीच बाटली उचलली तुम्ही."

हे माझ्या हाताकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. चेहऱ्यावर रंग परत आला. जेवायला बसले, वर भाकरी मागून घेतली आणि चटणीत मीठ कमी आहे म्हणून मला टोमणा मारला. किती दिवसांनी मारला! आम्हां लिंगायतांत हातावर लिंग घेऊन खोटं कोण बोलेल? कचेरीतली शपथ वेगळी आणि ही वेगळी. मला फार फार आनंद झाला आहे. इतकी सोपी गोष्ट आधी कशी सुचली नाही?

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

आता दुकान उघडं असेपर्यंत मी मधल्या दाराच्या उंबऱ्यात. जोंधळे तिथंच निवडते, वाती तिथंच वळते. प्रत्येक बाटलीला शपथ द्यावी लागते, पण हे कुणाच्या मागे धावत नाहीत, हे काय थोडं झालं? दूध उतू गेलं. समोरच्या बेगमबी खालांनी दोनदा बोलावणं धाडलं, जाता आलं नाही.

खालांचा नवरा नासिर हकीम. त्याचं युनानी औषधांचं दुकान आमच्या अगदी तोंडावर. त्या माणसाचं लक्षण मला बरं दिसत नाही. आज आमच्याकडून निघालेल्या गिऱ्हाइकाला त्यानं आपल्या ओट्यावर बोलावलं, त्याच्या हातातली बाटली घेतली, बूच काढलं आणि चक्क तोंडाला लावली! आता आमची मिक्स्चरं चाखून नकला करायची वेळ आली हकिमांवर. यांना सांगितलं तर म्हणतात, "त्याला काही झालं न्हाई ना? नीट बघितलंस?" मी काय सांगते आणि हे काय विचारतात!

मार्गशीर्ष अमावास्या, येळवस

आज लातूर ओस पडलं असेल. सगळी माणसं शेतात, कडब्याच्या खोपीत पूजा, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. माझे अप्पा-अव्वा सगळ्यांना आग्रह करकरून वाढत असतील. नांदेडात कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. मी हट्टानं केलं. आंबिलीचं मडकं पडवीत ठेवलं.

हे आले आणि थबकले. "हे दुकानाच्या दाराजवळ होतं?"

मी यांनी विचारायच्या आतच हातावर लिंग घेतलं. कुणी शिवलं न्हाई, काही पडलं न्हाई, शपथ. तर म्हणतात, "शपथ घेताना तू हाताकडं बघत होतीस. मडक्याकडं कुठं बघत होतीस?" आणि मडकं उचलून मोरीत ओतलं.

मी रडले. मग राग आला. मग रागारागानं एकटीनंच भज्जी खाल्ली, पातेलं जवळजवळ संपवलं. आता पोट दुखतंय आणि औषधाचं नाव काढायची सोय नाही.

पौष शुद्ध एकादशी

शपथा. दुसरं काही नाही.

पौष वद्य अष्टमी

संक्रांतीचे तिळगूळ द्यायलाही बाहेर पडले नाही.

आज शपथ देऊन चुलीपाशी आले आणि वाटलं, मी खरंच पाहिलं का? की काल पाहिलेलं आज डोळ्यांपुढं आलं? पाहिलं. पाहिलंच होतं. तरी पुन्हा हात धुऊन लिंग धुतलं, विभूती लावली, पूजा केली. मग बरं वाटलं. थोड्या वेळानं पुन्हा केली, पण ती आपली सहज. यांच्यासारखं मला काही नाही.

पौष वद्य द्वादशी

लिहू नये असं झालं आहे, तरी लिहिते. सकाळी हे दुकान उघडंच टाकून गेले. मला वाटलं नदीवर गेले असतील. हे गेले होते पोलीस चौकीत. अमीनसाहेबांपुढं उभं राहून म्हणाले, "दानम्मा नावाच्या बाईला माझ्या हातून जहर गेलंय. मला अटक करा." शिपाई दानम्माला शोधत गेला, तर बाई लेकीच्या दारात ऊन खात, पेरू चावत बसलेली. अमीनसाहेब भले माणूस, यांना चहा पाजून घरी पाठवलं. चौकी मात्र हसली. आणि चौकी हसली की गाव हसतं.

संध्याकाळपर्यंत यांचं नाव पडलं, जहरवाला कंपाउंडर. यांनी दुकानाला कुलूप लावलं. मग कुलूप लागलं का ते ओढून बघत उभे राहिले. मी आतून ओरडले, "लागलंय! शपथ! लागलंय!"

ओरडताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

माघ शुद्ध नवमी

चार ओळी लिहिण्याइतकं अंगात त्राण आलं आहे. मला हिवताप झाला. अर्ध्या नांदेडचा हिवताप यांच्या क्विनाइननं उतरला, आणि मी दातावर दात आपटत पडले असताना हे मापाचा पेला घेऊन माझ्या उशाशी उभे, आणि पेला पुढं होईना. आत गेले, ओतून दिलं. नवं घेऊन आले. तेही ओतलं. मग माझ्या पायाशी बसून म्हणाले, "उमा, मला जमत न्हाई. दुसऱ्या कुणाला दिलं असतं. तुला कसं देऊ?"

साधं पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं देईनात. मला तापापेक्षा त्याचंच जास्त झालं. नवऱ्यानं पाणीसुद्धा देऊ नये इतकी मी परकी झाले का, असंही वाटलं, आणि यांना पोटाशी धरावं असंही वाटलं.

दुपारी बेगमबी खाला आल्या, न बोलावता. काढा करून आणला, स्वतः पाजला. हे कोपऱ्यात उभे राहून त्यांना विचारतात, "यात काय काय हाय? तुम्ही डोळ्यानं बघितलं?"

खालांनी माझ्या कपाळावरचा हात काढला नाही. "उमा बेटी, ह्याला आमच्यात वसवसा म्हणतात. दिलात न मिटणारा शक."

माघ शुद्ध त्रयोदशी

काल हकीमसाहेब घरी आले. मी दाराआड बसले होते, पण त्यांनी यांच्याबरोबर मलाही ऐकवलं.

त्यांचा सख्खा मोठा भाऊ मशिदीच्या हौदावर वजू करायला बसायचा. हात, तोंड, पाय तीनदा धुवायचे असा त्यांचा रिवाज. भाऊ धुतच राहायचा. कोपर कोरडं राहिलं काय, टाच राहिली काय. आत नमाज संपून लोक बाहेर यायचे तरी हा हौदावरच, थंडीत हात सोलून निघालेले. शेजारी बसलेल्याला विचारायचा, "भाई, देखा ना? भिजलं ना?" शेजारी सांगायचा, हौ, भिजलं. तेवढ्यापुरता उठायचा आणि पुन्हा बसायचा.

"मग?" यांनी विचारलं. इतक्या उत्सुकतेनं यांनी कित्येक दिवसांत काही विचारलं नव्हतं.

"इमामसाहेब बोलले, तीनदा धुतलं की उठ. दिल बोलला अजून कोरडंय, तरी उठ. कोरडं असंल तर कोरडं. तसाच नमाजला उभा राहा. अन् हौदावरच्या समद्यांना ताकीद दिली, ह्यानं विचारलं तर जवाब देऊ नका. लई रडला माझा भाऊ. आम्हांला बेरहम बोलला. पण हळूहळू उठायला लागला." मग दाराकडं बघून म्हणाले, "उमाबाई, तुमची शपथ ह्याची अफू झालीय. द्यायचं बंद करा."

मला असा संताप आला! माझ्या लिंगाची शपथ म्हणजे अफू? मी आतूनच म्हटलं, "हकीमसाहेब, शपथ हाय म्हणून हे उभे हायत."

"उभे?" ते म्हणाले. "दुकानाला तर टाळं हाय."

ते गेल्यावर खाला माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "साहेबांवर रागवू नको. तुझ्या नवऱ्याच्या औषधानं त्यांचं तोंड दोन महिने कडू हाय. घाबरलेलं गिऱ्हाईक दिसलं की त्याच्यासमोर एक घोट स्वतः घ्यायचे. बोलायचे, बघा, मी मेलो का? प्या बिनघोर."

मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. फार शरम वाटली. पण शपथेबद्दल ते चुकलेच, असं मला अजून वाटतं.

माघ वद्य तृतीया

अप्पा आले. चौकीची गोष्ट कापसाच्या गाड्यांबरोबर लातूरच्या गंज-बाजारापर्यंत पोचली म्हणे. अप्पा यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मला म्हणाले, "चल. कापडं बांध."

हे मध्ये आले नाहीत. माझं गाठोडं यांनीच बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. टांग्यापाशी हळूच विचारलं, "चुलीतला इस्तू विझवलास ना?" मी डबीकडं हात नेला. अप्पा बघत होते. शपथ दिली.

माघ वद्य अष्टमी, लातूर

परळीपर्यंत रेल्वे आणि पुढं मोटार, हाडं खिळखिळी झाली. अव्वा रोज गव्हाची गोड हुग्गी करून घालते. कुणी काही विचारत नाही. उंबऱ्यात बसावं लागत नाही. मी सुखात असायला हवी.

पण हात रिकामे वाटतात. पूजा करून उठते आणि वाटतं, नीट झाली नाही. आज पुन्हा बसले तर अव्वा म्हणाली, "किती वेळा ग? देवाला बी झोप लागू दे." हसले. हसता हसता थांबले. हौदावरचा तो भाऊ आठवला.

मी डबी बंद केली आणि तशीच उठले. स्वयंपाकघरात जाईपर्यंत वाटत होतं की परत जावं. नाही गेले. इतकं साधं काम, आणि हातापायाला घाम फुटला होता. यांना रोज असं होत असेल?

माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र

सिद्धेश्वराच्या जत्रेला सगळे गेले. मी उपासाचं निमित्त काढून घरी राहिले, कारण सकाळी यांचं कार्ड आलं आहे. कुशल विचारलेलं नाही. लिहिलंय, "तू निघालीस त्या दिवशी कपाटाचं कुलूप मी ओढून बघितलं तेव्हा तू पडवीत होतीस. लागलं होतं ना? लिंग हातावर घेऊन लिही. उलट टपाली लिही."

अप्पांनी ते वाचलंच होतं. जत्रेहून आल्यावर म्हणाले, "हे बग उमा, त्यो मानूस गेला कामातनं. तू हितंच राहा. लेकीला दोन भाकरी घालायची ऐपत हाय माझी."

"अप्पा, तसं न्हाई ते."

"मग कसं हाय? बायकूला ताप आला तर पानी दीना त्यो!"

"दीना, कारण मी मरंन म्हणून भ्याला. दुसऱ्या कुणासाठी इतका भीत न्हाई."

अप्पांनी पटका काढून खुंटीला टांगला. हे मलाही तोंडातून बाहेर पडेपर्यंत ठाऊक नव्हतं.

उत्तर लिहायला दौत घेतली. "लागलं होतं, शपथ," एवढंच तर लिहायचं. कार्ड पोचेल, हे एक दिवस जेवतील. मग दुसरं कार्ड येईल. लातूरहून नांदेडला मी शपथा धाडत राहीन आणि हे टपालवाल्याची वाट बघत दुकानाच्या बंद दारात बसतील, म्हातारे होईपर्यंत. हकीम खरं बोलला. मी यांना उभं केलं नाही, मी यांना धरून बसवलं. माझ्या लाडक्या उपायानंच!

कार्ड लिहिलं नाही. स्वतः जाणार आहे. अप्पा नाही म्हणाले तर भांडेन.

फाल्गुन शुद्ध षष्ठी, नांदेड

भांडले. अप्पा शेवटी मोटारीपर्यंत पोचवायला आले, आणि फुगलेल्या तोंडानं भज्जीच्या पिठाची पुरचुंडी हातात दिली.

हे वाळले आहेत. दाढी वाढली आहे. मला बघून पहिला शब्द, "कुलूप लागलं होतं ना?"

मी म्हटलं, "ठाऊक न्हाई."

हे दोन शब्द बोलायला मला किती कष्ट पडले ते मलाच माहीत. यांना वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. "ठाऊक न्हाई. आन् यापुढं मला काहीच ठाऊक असणार न्हाई. शपथ बंद." हे माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी परकी बाई घरात शिरले आहे.

मग हकीमसाहेबांना बोलावून यांच्यासमक्षच सगळं ठरवलं. दुकान उघडायचं. एकदा ओतायचं, बूच लावायचं, बाटली गिऱ्हाइकाच्या हातात. मागे धावायचं नाही. हकीमसाहेबही आता घोट घेणार नाहीत. "अन् दिल बोंबलून राहिला तर बोंबलू द्या," ते म्हणाले. "बोंबलून थकतो तो."

यांनी कमरेची किल्ली चाचपली. मग म्हणाले, "उद्यापासून." यांच्या तोंडून ते आपणहून आलं, कुणी काढून घेतलं नाही. याचा मला फार आधार वाटतो.

फाल्गुन शुद्ध दशमी

फार वाईट दिवस. यांनी माझे पाय धरले. नवऱ्यानं! "एकदाच उमा. ह्या एका बाटलीपुरतं." मी म्हटलं ठाऊक न्हाई. म्हणाले, "तू माझी राहिलीच न्हाईस. बापानं शिकवून धाडलं तुला." मी परसात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. डबी मुठीत इतकी आवळली होती की तळहातावर वळ उठला आहे.

पौर्णिमा, होळी

आज मी हरले. एका बाळंतिणीचं औषध होतं. यांची अवस्था बघवेना. शपथ दिली. हे लगेच शांत झाले, हसलेसुद्धा. मला वाटलं, एकदा दिली म्हणून काय बिघडतं? संध्याकाळपर्यंत हे दर बाटलीला माझ्या तोंडाकडं बघायला लागले होते. किती दिवसांची मेहनत, सगळी त्या होळीत गेली.

बेगमबी खालांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या जेठाला, साहेबांच्या त्या भावाला, मी बी एकदा सांगितलं होतं, भिजलं म्हणून. किती गोड बोलायचा तो! सकाळपासून पुन्हा लाग."

फाल्गुन वद्य सप्तमी

हे चौकापर्यंत धावले, आणि परत आले. गिऱ्हाईक समोर दिसत असताना परत आले! घरात आल्यावर मला बोलले, पितळेचा तांब्या आपटला. तांब्याला पोचा पडला आहे. मी तो तसाच वापरणार.

चैत्र शुद्ध प्रतिपदा, पाडवा

दुकानावर गुढी. गिऱ्हाइकं थोडीच, पण येतात. "जहरवाला" अजून ऐकू येतं, पोरं ओरडून पळतात. दानम्मा मात्र काठी टेकत आली आणि फळीवर बसून म्हणाली, "मी मेले म्हणून चौकीत सांगून आलास न्हवं? आता मेलेल्या बाईला औषध दे." हे हसले. पहिल्यांदा मी यांना स्वतःवर हसताना पाहिलं.

यांचं मन स्वस्थ नाही. दिवसभर सदऱ्याचं बटण कुरतडत असतात. विचारतातही, मग मी उत्तर देणार नाही हे आठवून अर्ध्यात थांबतात. माझ्याही जिवाला चैन नाही. उंबऱ्यात बसायचं नाही असं ठरवलं आहे, तर पाय आपोआप तिकडं वळतात.

चैत्र वद्य नवमी

काल पुन्हा हीव भरलं. तोच मेला ताप. मी खालांना हाक मारायला कुणाला धाडावं असा विचार करत पडले होते, तोच हे दुकानातून आत आले. हातात मापाचा पेला.

उशाशी आले. थोडं माझ्या लुगड्यावर सांडलं. हे उभेच. मला माघातला तो दिवस आठवला. वाटलं, आता परत फिरतील आणि मोरीत ओततील. फिरले नाहीत. पेला माझ्यापुढं आला, पण सुटेना.

"उमा," म्हणाले, "हे क्विनाइनच हाय ना?"

माझा हात सवयीनं गळ्याकडं गेला. खाली घेतला.

"ठाऊक न्हाई," म्हटलं, यांच्या बोटांतून पेला सोडवला आणि पिऊन टाकलं.

कडू होतं. पण कुचलाही कडूच असतो, हे मला यांनीच एकदा सांगितलं होतं. खरं लिहिते, क्षणभर मी भ्याले, कारण मला खरोखरच ठाऊक नव्हतं. मी यांच्याकडं बघत राहिले आणि हे माझ्याकडं. इतक्या महिन्यांत आम्ही एकमेकांकडं असं नुसतं बघितलं नव्हतं. मध्ये नेहमी तो तळहात असायचा.

"गूळ द्या की," मी म्हटलं. यांनी स्वतःच्या हातानं खडा फोडून माझ्या तोंडात घातला.

तेवढ्यात बाहेरून दानम्मा ओरडली, "ओ कंपाउंडर! हाय का न्हाई कोण? माझं औषध!" हे गेले. मी पडल्या पडल्या ऐकत होते. खल, ओतल्याचा आवाज, बूच. म्हातारीची काठी रस्त्यानं दूर गेली. मग यांची पावलं मधल्या दारापर्यंत आली आणि थांबली. मी डोळे मिटून घेतले. बराच वेळ काही हललं नाही. मग पावलं परत दुकानात गेली.

आज ताप उतरला आहे. उद्या आंबील करीन म्हणते. येळवस नसली म्हणून काय झालं, ऊन तर आहे. मडकं दुकानाच्या दाराजवळच ठेवीन.